साखरेचा सापळा



टोमॅटोच्या कडेनं आपण झेंडूची ओळ लावतो. अळीचं पाखरू झेंडूवर अंडी घालतं आणि टोमॅटो वाचतो. यालाच सापळा पीक म्हणतात. आज अशाच एका सापळ्याविषयी सांगते. तो आहे पोटात शिरलेल्या विषासाठी.

पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू आतडं कुरतडत नाही, तो विष सोडतो. हे १९५९ साली कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं. या विषाला जणू पाच हात असतात. आतड्याच्या पेशींवर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. ही डब्यातली साखर नव्हे, तिच्या नात्यातली. विष त्या साखळ्या धरतं, त्याचा एक भाग पेशीत शिरतो आणि पेशी पाणी व क्षार बाहेर ओतू लागते. मग तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात.

शास्त्रज्ञ म्हणाले, विषाला साखरच हवी ना? मग खोटी साखळी पुढे करू! पण सुटी साखर विषाच्या हातातून लगेच निसटते. आघाड्याचं एक बी लुगड्यावरून सहज निघतं, पाच एकदम चिकटली तर निघता निघत नाहीत. तसंच हे. २००० साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात पाच फांद्यांचा रेणू बनवला. प्रत्येक फांदीच्या टोकाला साखर. नाव ठेवलं ‘स्टारफिश’, म्हणजे तारामासा. तो होता रक्ती जुलाब करणाऱ्या, मूत्रपिंडं बिघडवणाऱ्या एका विषासाठी. त्यालाही पाच हात. प्रयोगशाळेत हा रेणू सुट्या साखरेपेक्षा दहा लाख ते एक कोटी पटीनं प्रभावी ठरला. तो जंतू मारत नाही, विषाचे हात बांधतो.

पण बायांनो, असं औषध अजून दुकानात मिळत नाही. आज जीव वाचवते ती जलसंजीवनी. आतड्यात साखर मिठाला सोबत घेऊन आत जाते, मागोमाग पाणी जातं. विष हे दार बंद करू शकत नाही.

म्हणून जुलाबात पाणी तोडू नका. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचाच घ्या. घोट घोट पाजत राहा, अंगावरचं दूधही चालू ठेवा. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल पडलं किंवा शौचात रक्त दिसलं, तर वाटेतही पाजत पाजत दवाखाना गाठा.

हे प्रमाण आज गटातल्या प्रत्येकीकडून म्हणवून घ्या.