अर्न्स्ट टोलर : सर्वांबरोबर सुटेन म्हणणारा नाटककार



पुढारी ओळखावा कसा, हा प्रश्न आपल्या घरोघर निघतो. शिकलासवरलेला मनुष्य गांवांत येतो, ओटीवर बसतो, आणि आपल्या हालांविषयीं आपल्यापेक्षां चांगलें बोलतो. लोक टाळ्या देतात. पुढें संकट आलें म्हणजे तो कोठें असतो, हें मात्र पुष्कळदां शोधावें लागतें. आज मी ज्याची हकीकत सांगणार आहें तो आपल्या देशाचा नव्हे, आपल्या भाषेचाही नव्हे. तो जर्मन कवि व नाटककार होता आणि समाजवादी होता. परंतु वरच्या प्रश्नाचें उत्तर त्याच्या आयुष्यांत स्पष्ट सांपडतें. त्याचें नांव अर्न्स्ट टोलर.

टोलरचा जन्म १ डिसेंबर १८९३ रोजीं झाला. त्या वेळच्या जर्मन साम्राज्याच्या पोझेन प्रांतांत सामोचिन म्हणून लहानसें गांव होतें. आज तें पोलंड देशांत आहे. बाप यहुदी व्यापारी, घरची स्थिति चांगली. गांवांत जर्मन वरचढ, पोल लोक दबलेले, आणि यहुदी पोरांना टोमणे ठरलेले. आपल्या जन्माची त्याला लाज वाटे; आपण अस्सल जर्मन आहों हें दाखविण्याची हौस असे. पण डोळे उघडे होते. एकदां एक गरीब मजूर फेफरें येऊन पडला आणि मदतीवांचून मेला. शाळकरी टोलरनें नांव न देतां वर्तमानपत्रांत लिहून गांवच्या कारभाऱ्यांना जाब विचारला. नगराध्यक्ष फिर्याद करावयास निघाला. बाप नगरमंडळावर होता म्हणून प्रकरण मिटलें. तेंच लिखाण मजुराच्या मुलानें केलें असतें तर काय झालें असतें, हें तुम्हांस सांगावयास नको.

१९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें तेव्हां तो फ्रान्समध्यें शिकत होता. घाईघाईनें मायदेशीं परतून तो आपण होऊन पलटणींत दाखल झाला. राजानें हांक मारली, देशभक्तीचीं गाणीं झालीं, आणि हजारों तरुण निघाले. त्यांतलाच हा एक. तेरा महिने तो आघाडीवर होता. एके दिवशीं खंदकांत खणतांना त्याच्या कुदळीला कांहीं तरी गुंतलें. ओढून पाहतो तों माणसाचीं आंतडीं! तेथें कोणी तरी पुरला गेला होता. हा फ्रेंच कीं जर्मन, असा विचार मनांत आला आणि तत्क्षणीं उत्तरही आलें कीं हा मेलेला माणूस आहे, बस्स. लढाईंत शिरतांना जो देशभक्त होता, त्याचा त्या खंदकांत नवा जन्म झाला. १९१६ सालीं प्रकृति ढासळली, आणि पुढें त्याला लष्करांतून मोकळें केलें.

आतां तो गप्प बसला असता तर सुखाचें आयुष्य होतें. वडिलोपार्जित पैसा होता, विद्या होती. परंतु १९१८ च्या जानेवारींत म्यूनिक शहरांतील दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या कामगारांनीं लढाई थांबवा म्हणून संप केला, तेव्हां तो त्यांच्यांत जाऊन उभा राहिला. त्याबद्दल लष्करी तुरुंग झाला. तेथेंच त्यानें आपलें पहिलें नाटक पुरें केलें. ‘परिवर्तन’ असा त्याच्या नांवाचा अर्थ आहे.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत जर्मनी हरली आणि राजे पळाले. बव्हेरिया प्रांताचा मुख्य प्रधान कुर्ट आइस्नर हा समाजवादी झाला. २१ फेब्रुवारी १९१९ रोजीं एका सरदारपुत्रानें त्याला भर रस्त्यांत गोळी घालून मारलें. गोंधळ माजला, आणि एप्रिलच्या ७ तारखेस म्यूनिकमध्यें कामगार, शेतकरी व शिपाई यांच्या मंडळांचें राज्य जाहीर झालें. त्याच्या मध्यवर्ती मंडळाचा अध्यक्ष टोलर. वय अवघें पंचवीस!

येथें त्याचे दोष झांकून चालणार नाहीं. तें राज्य तयारीवांचून उभें केलेलें होतें. जाहीरनामे निघत होते, पण उपाशी माणसाला जाहीरनामा खातां येत नाहीं. बव्हेरियाचा शेतकरी या राज्याच्या पाठीशीं उभा राहिला नाहीं. सहा दिवसांत तें कोसळलें, आणि कम्युनिस्टांनीं दुसरें मंडळराज्य उभारलें. टोलर रुसून घरीं बसला नाहीं. शहरावर सरकारी फौज चालून येत होती, म्हणून तो कामगारांच्या सैन्याबरोबर डाखाऊ गांवाच्या आघाडीवर गेला आणि तेथें सेनापति झाला. रक्तपाताचा ज्याला तिटकारा त्याच्याच हातीं बंदूक आली! डाखाऊवर तोफा डागा असा वरून हुकूम आला असतां त्यानें बोलणीं चालविलीं. गांव हातीं आल्यावर पकडलेल्या अधिकाऱ्यांना गोळ्या घाला असा हुकूम आला, तोही त्यानें मानला नाहीं. त्याच्याच पक्षाचे लोक त्याला मऊ म्हणाले.

तो मऊ होता काय? पुढें काय झालें तें पहा. एप्रिलच्या अखेरीस शहरांतल्या कांहीं तांबड्या शिपायांनीं ओलीस ठेवलेल्या माणसांना गोळ्या घातल्या. टोलरनें त्याचा उघड धिक्कार केला. १ मे रोजीं सरकारी फौजा शहरांत घुसल्या आणि त्यांनीं शेंकडों माणसें मारलीं. त्यांत कित्येकांचा कशाशींही संबंध नव्हता. गुस्टाव लांडाउअर या वृद्धत्वाकडे झुकलेल्या विद्वानाला तुरुंगाच्या आवारांत मारून टाकलें. टोलरला पकडून देणारास दहा हजार मार्कांचें बक्षीस लागलें. केस रंगवून तो लपून राहिला. जूनच्या आरंभीं एका घरांतील भिंतीआडच्या चोरखोलींत सांपडला. कम्युनिस्ट पुढारी लेव्हिने याला गोळी घातली गेली. टोलरच्या खटल्यांत मॅक्स वेबर या नामांकित पंडितानें त्याच्या सचोटीबद्दल साक्ष दिली. टोलरनें आपल्या कृत्यांची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली नाहीं. शिक्षा झाली पांच वर्षांची.

तो तुरुंगांत असतां ‘परिवर्तन’ नाटक बर्लिनमध्यें खूप गाजलें. एवढा मोठा नाटककार कोंडून ठेवणें सरकारला अवघड वाटूं लागलें, आणि माफी देऊं करण्यांत आली. बंधुभगिनींनो, या ठिकाणीं क्षणभर थांबा. दार उघडें आहे, बाहेर कीर्ति आहे, पैसा आहे. आंत कोण आहेत? साधे कामगार, ज्यांचीं नांवें कोणी वर्तमानपत्रांत छापीत नाहींत. टोलरनें माफी नाकारली. माझ्या सोबत्यांना आंत ठेवून मी एकटा बाहेर येणार नाहीं, असें त्याचें म्हणणें. त्यानें पांचही वर्षें भोगलीं. त्याचीं नाटकें बर्लिन, न्यूरेंबर्ग, लाइप्झिक येथें होत होतीं. त्यांतील एकाचाही पहिला प्रयोग त्याला पहावयास मिळाला नाहीं.

त्या नाटकांत काय होतें? एकांत एक सुखवस्तु घरची बाई लढाईविरुद्ध संपाची पुढारी होते. तिला मरणाची शिक्षा होते. तिचा सोबती म्हणतो, एका पहारेकऱ्याला मारतों आणि तुला सोडवितों. ती नाहीं म्हणते. पहारेकरीही कोणाच्या तरी घरचा माणूस आहे. तिला नेल्यावर दोन कैदी बायका तिच्या खोलींतल्या वस्तु उचलूं लागतात. बाहेर बंदुकांचा आवाज होतो, आणि त्या दोघी उचललेलें सारें जागच्या जागीं ठेवून देतात.

दुसऱ्या नाटकाचें नांव ‘यंत्र फोडणारे’. तें १९२२ च्या जूनमध्यें बर्लिनच्या एका प्रचंड नाट्यगृहांत झालें. कथा शंभर वर्षांपूर्वींच्या इंग्लंडांतील नॉटिंगहॅमच्या विणकरांची. वाफेचें यंत्र येतें, हातमाग बंद पडतात, घरधन्याला काम नाहीं आणि बायकामुलांना कवडीमोलानें कारखान्यांत बोलावणें. ज्यांच्या घरांत माग आहे त्यांना हें दुःख समजावून सांगणें नलगे. विणकर यंत्र फोडावयास निघतात. खरोखरीच १८१२ सालीं इंग्लंडांत यंत्र फोडणाराला फांशीची शिक्षा देणारा कायदा झाला, आणि कवि बायरन यानें सरदारांच्या सभेंत त्याविरुद्ध भाषण केलें; नाटकाच्या आरंभीं तो प्रसंग आहे. जिमी कॉबेट नांवाचा विणकर आपल्या भावांना म्हणतो कीं लोखंड आपला वैरी नव्हे. तें कोणाच्या मालकीचें आहे तें पहा आणि संघ करा. परंतु त्यांच्यांतलाच एक फितूर त्यांना चेतवितो. यंत्र फुटतें, आणि विणकर आपल्याच हितकर्त्या जिमीला ठार करतात. डोळे उघडतात तेव्हां वेळ गेलेली असते. भुकेल्या माणसाचा राग खरा असतो, पण त्या रागाचा कासरा फितुराच्या हातीं गेला तर घात होतो, हें टोलरनें कामगारांना तोंडावर सांगितलें. त्यांची खोटी स्तुति केली नाहीं.

तुरुंगांतली आणखी एक गोष्ट. त्याच्या कोठडींत पाखोळ्यांच्या एका जोडप्यानें घरटें बांधलें. त्यांवर त्यानें कविता लिहिल्या, आणि हस्तलिखित लपवून बाहेर गेलें. ‘पाखोळ्यांचें पुस्तक’ १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. अधिकाऱ्यांनीं काय करावें? पुढल्या वसंतांत पाखोळ्या आल्या तेव्हां त्यांचीं घरटीं मोडून टाकविलीं! ज्या सत्तेला पांखराच्या घरट्याचेंही भय वाटतें ती बळकट म्हणावी काय?

१९२४ च्या जुलैंत सुटका झाली, आणि लगेच बव्हेरियांतून हद्दपारी. १९२७ च्या फेब्रुवारींत ब्रसेल्स येथें साम्राज्यशाहीविरुद्ध परिषद भरली. तेथें हिंदुस्थानातर्फे जवाहरलाल नेहरू आले होते, टोलरही होता. तेव्हांपासून दोघांचा स्नेह जमला. नेहरूंच्या संग्रहांतील निवडक पत्रें पुढें छापलीं गेलीं, त्यांत टोलरचीं पत्रें आहेत. गोऱ्या देशाचा हा कवि परतंत्र देशांच्या बाजूनें बसला होता.

१९३३ सालीं हिटलर सत्तेवर आला तेव्हां टोलर सुदैवानें स्वित्झर्लंडांत होता. १० मे रोजीं नाझींनीं पुस्तकांच्या होळ्या केल्या, त्यांत त्याचीं पुस्तकें जळालीं. ऑगस्टांत त्याचें नागरिकत्व काढून घेतलें. ज्या देशासाठीं त्यानें खंदकांत तेरा महिने काढले, त्या देशानें तूं आमचा नाहींस म्हणून सांगितलें. त्याच वर्षीं अ‍ॅमस्टरडॅमहून त्याचें आत्मचरित्र निघालें. ज्या यहुदी जन्माची लहानपणीं लाज वाटे, तो आतां त्यानें मान ताठ ठेवून सांगितला. पुढें लंडन, मग अमेरिका. १९३८ सालीं तो यादवी चाललेल्या स्पेनमध्यें गेला आणि तेथील उपाशी जनतेसाठीं धान्य मिळवावें म्हणून देशोदेशीं फिरला. १९३९ च्या मार्चमध्यें स्पेन फ्रँकोच्या हातीं पडला. २२ मे १९३९ रोजीं न्यूयॉर्कमधील एका हॉटेलांत, पंचेचाळीसाव्या वर्षीं, टोलरनें स्वतःच्या हातानें आपलें आयुष्य संपविलें.

कोणी म्हणेल, मग हा कसला धीराचा पुरुष? मी इतकेंच म्हणतों कीं देश गेला, भाषेचे वाचक गेले, ज्यांच्यासाठीं हिंडला ते हरले. एका माणसाच्या खांद्यावर किती ओझें टाकावें यालाही मर्यादा असते. जो सगळ्यांचें दुःख उचलतो त्याचें दुःख उचलावयास चार माणसें जवळ असलीं पाहिजेत. हें काम पुढाऱ्याचें नव्हे, तें आपलें काम आहे.

म्हणून आरंभींच्या प्रश्नाकडे येतों. उद्यां कोणी तुमच्या दारीं आला तर त्याच्या भाषणावर जाऊं नका. तीन गोष्टी पहा. तुमच्या चुका तो तुमच्या तोंडावर सांगतो कीं नुसती स्तुति करतो? शत्रूच्या माणसालाही तो माणूस समजतो काय? आणि त्याच्या एकट्यासाठीं दार उघडलें, तर तो एकटा बाहेर जातो कीं मागें वळून तुमच्याकडे पाहतो? टोलर या तिन्ही कसोट्यांना उतरला.