मधली सुट्टी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला दहा मिनिटं आरोग्यावर बोलायला सांगितलं आहे. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमधली इंजिनिअर आहे. म्हणून मोघम उपदेश न करता मी रोज वापरते ती एकच गोष्ट सांगते : सायकल चालवताना हृदयाचे ठोके मोजून व्यायाम कसा करायचा.

आपण पिंपरी-चिंचवडची मुलं. पाळी सुटली की टेल्को, बजाज, एच.ए.च्या गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, तो आपण पाहिला आहे. आपल्यातल्या कित्येकांचे बाबा त्यात असायचे. त्यांना वेगळा व्यायाम लागला नाही. आपण मात्र हिंजवडीला, चाकणला गाडीने जातो, दिवसभर खुर्चीत बसतो आणि चाळिशी उलटल्यावर महागडी सायकल घेतो. आठवडाभर ती गॅलरीत उभी असते. रविवारी मात्र निगडीहून थेट लोणावळा, तेही ग्रुपमधल्या पंचविशीच्या पोराच्या मागे! धोका इथे आहे. भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा पाच ते दहा वर्षं आधी गाठतो. आपलं वय नेमकं तेच आहे.

यावर उपाय म्हणजे इंटरव्हल ट्रेनिंग. इंटरव्हल म्हणजे आपली मधली सुट्टी! १९३०च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर हे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइन्डेल हे डॉक्टर यांनी ही पद्धत बसवली. धावपटूची नाडी १८०पर्यंत न्यायची, मग ती १२०वर येईपर्यंत सुट्टी. दीड मिनिटात ती उतरली नाही, तर मेहनत जास्त झाली असं समजायचं. हृदय बळकट होतं ते या सुट्टीत, असं त्यांचं मत होतं. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९मध्ये ८०० मीटरचा जो विक्रम केला, तो १९५५पर्यंत टिकला.

ते १८० आणि १२० तरुण खेळाडूंचे आकडे. आपले वेगळे. २२० वजा वय, हा सोपा हिशेब. पंचेचाळिसाव्या वर्षी कमाल ठोके साधारण १७५. हा अंदाज आहे. माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

आता कृती. पंधरा मिनिटं सावकाश सायकल चालवायची. मग चार मिनिटं जोरात, म्हणजे कमाल ठोक्यांच्या ८५ ते ९० टक्के. माझ्यासाठी १५० ते १५८. त्यानंतर तीन मिनिटं हलके पेडल, ठोके १२०च्या आसपास येऊ द्यायचे. अशा चार फेऱ्या आणि शेवटी दहा मिनिटं सावकाश. एकूण पन्नासेक मिनिटं. नवख्यांनी आधी महिना-दीड महिना नुसती सावकाश सायकल चालवावी, मग दोनच फेऱ्यांनी सुरुवात करावी. हे आठवड्यातून एकदाच. बाकीचे दिवस शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. बहुतेकांना अवघड जातं ते हे हळू चालवणं, कारण मागून कुणी पुढे गेलं की आपला पाय आपोआप जोर धरतो!

इंजिनिअर म्हणून दोन सूचना. एक, लोड वाढला तरी हृदयाचा प्रतिसाद उशिरा येतो. पहिल्या मिनिटात आकडा कमी दिसला म्हणून जीव काढू नका. दोन, हँडल घट्ट धरलं आणि रस्ता खडबडीत असला की मनगटावरचं घड्याळ चुकू शकतं. छातीचा पट्टा जास्त भरवशाचा.

जागाही नीट निवडा. चाकण-तळेगाव रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत चार मिनिटं एकसारखा जोर लावता येत नाही, आणि लावूही नये. इंदोरीजवळचा भंडारा डोंगराचा चढ पहाटे बरा, नाहीतर घरातला ट्रेनर. एप्रिल-मे महिन्यात त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. तेव्हा वेग कमी करा, आकडा पाळा.

आणि सर्वांत महत्त्वाचं. रक्तदाब, मधुमेह असेल किंवा घरात हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बीटा ब्लॉकरच्या गोळ्या घेणाऱ्यांना हे आकडे लागू होत नाहीत, कारण त्या गोळ्या ठोकेच कमी ठेवतात. छातीत दाब, चक्कर, जबडा किंवा हात दुखणं, असं काही झालं तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. 'अॅसिडिटी असेल' म्हणून पुढचा चढ चढू नका.

शाळेत मधल्या सुट्टीची घंटा सर वाजवायचे, आणि आपण एक मिनिटही वाया घालवत नव्हतो. आता ती घंटा आपली आपणच वाजवायची आहे.

येत्या रविवारी सकाळी सहाला भक्ती-शक्ती चौकात जमू या. देहूपर्यंत जाऊन परत येऊ. ज्याचा वेग सर्वांत कमी, त्याच्या वेगाने सगळे जातील. पुढच्या मेळाव्याला यातलं एकही नाव कमी झालेलं मला बघायचं नाही.