बेटांवरचे खरे धन



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आज मी एका कुटुंबाच्या सागरप्रवासाविषयी बोलणार आहे.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी आपणांपैकी अनेकांनी मुळातून वा अनुवादातून वाचली असेल. १८८१ साली सावत्र मुलगा लॉइड याच्या संगतीत रंगविलेल्या एका काल्पनिक बेटाच्या नकाशातून ती जन्मली. सात वर्षांनी, २८ जून १८८८ रोजी, हे कुटुंब खरी बेटे पाहण्यास निघाले. छातीच्या विकाराने जर्जर झालेले स्टीव्हन्सन, पत्नी फॅनी, वीस वर्षांचा लॉइड आणि साठीला टेकलेल्या मातोश्री मार्गारेट ही मंडळी ‘कॅस्को’ नावाच्या शिडाच्या जहाजातून सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली आणि महिन्याभराने मार्केसस द्वीपसमूहातील नुकु हिवा बेटाला लागली.

कादंबरीतील बेटावर धन जमिनीत पुरलेले होते. खऱ्या बेटांवर ते लोकांच्या मुखी होते. ते मिळविण्याची स्टीव्हन्सन यांची रीत मोठी मार्मिक होती. बेटवासीयांना नुसते प्रश्न न विचारता ते आपल्या स्कॉटलंडमधील डोंगरी लोकांच्या जुन्या चालीरीती आणि भुताखेतांच्या समजुती आधी सांगत. गोष्टीला गोष्ट मिळे आणि मने मोकळी होत. मात्र रोगराईने ही बेटे ओस पडत चालली होती, आणि माणसांबरोबर त्यांच्या कथाही जाणार, ही व्यथा स्टीव्हन्सन यांच्या प्रवासलेखनात जागोजागी जाणवते.

सप्टेंबरात जहाज फाकारावाला पोहोचले. हे कंकणाकृती प्रवाळबेट आहे. बाहेर अथांग महासागर, आत शांत सरोवर आणि दोहोंच्या मध्ये जमिनीची एक अरुंद पट्टी. अशी बेटे घडतात कशी, याची उपपत्ती डार्विन यांनी १८४२ साली ग्रंथरूपाने मांडली होती: ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत जाते आणि त्याच्या कडेचे प्रवाळ वर वाढत राहून मागे उरते ते हे कंकण.

त्या नितळ पाण्यात रंगीबेरंगी मासे होते, पण स्टीव्हन्सन यांना त्या रंगांहून एका विलक्षण गोष्टीने अधिक विचारात पाडले. एका बेटाजवळ निर्धास्तपणे खाल्ला जाणारा मासा दुसऱ्या बेटाजवळ विषारी ठरे. जात तीच, रूप तेच! भेद सांगू शकत तो केवळ तिथला रहिवासी. परक्याने प्रत्येक बेटावर नव्याने विचारावे, हाच शहाणपणा.

ही भाकडकथा नव्हती. या विषबाधेला आज शास्त्रज्ञ ‘सिग्वाटेरा’ म्हणतात. मृत प्रवाळावरच्या शेवाळाशी राहणारे सूक्ष्म जीव हे विष निर्माण करतात. ते लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जाते. शिजवून ते नष्ट होत नाही आणि चवीवासावरून ओळखूही येत नाही. त्या सूक्ष्म जीवाचे शास्त्रीय नामकरण झाले १९७९ साली, आणि त्याला नाव लाभले ते फ्रेंच पॉलिनेशियातीलच गॅम्बियर बेटांचे. प्रयोगशाळेला जे इतक्या उशिरा उमगले, त्याची व्यवहारापुरती जाण कोळ्यांच्या बोलीत पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती.

जानेवारी १८८९ मध्ये ‘कॅस्को’ होनोलुलूला पोहोचले आणि या जहाजातील सफर संपली. स्टीव्हन्सन पुन्हा मायदेशी परतले नाहीत. १८९४ साली सामोआत त्यांचे निधन झाले.

मित्रहो, आपल्या बेळगावाहून घाट उतरला की कोकणची किनारपट्टी लागते. मालवणला सिंधुदुर्गाच्या परिसरात पाण्याखाली प्रवाळ आहे. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. आई-वडिलांबरोबर तेथे गेलात, तर किल्ला पाहून लगेच परतू नका. एखाद्या वृद्ध कोळ्याजवळ बसा. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला तो ‘उधाण’ म्हणेल, अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीला ‘भांग’ म्हणेल. या दोन शब्दांत चंद्र, सूर्य आणि सागर यांचे गणित सामावले आहे. तो शब्द विचारणारा कोणी उरला नाही, तर तो सांगणाराही उरणार नाही, आणि शब्दाबरोबर त्यामागचे निरीक्षण लोपेल. भाषेचे मोल सीमेवरच्या या शाळेला मी काय सांगावे! आपण विचारीत राहावे, ऐकत राहावे आणि ऐकलेले वहीत टिपून ठेवावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.