नवी मोटार आणि वैशाखाचे ऊन

श्रोतेहो, बुटीबोरीवरून जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग मे महिन्यात तव्यासारखा तापतो. गाडी नवी, तिला काय होणार, असे आपण म्हणतो. मीही म्हणालो होतो! पण उष्णतेचा काटा लाल खुणेकडे सरकला, की गाडी कडेला घ्या, एंजिन बंद करा आणि थांबा. रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून १०० अंशांवरही ते उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि उकळते पाणी अंगावर उसळते. माझ्या मनगटावरचा डाग हीच साक्ष देतो. गुरुजी, वर्गात प्रेशर कुकरचा दाखला द्या. मुलांना पटकन उमजेल. कूलंटची पातळी रोज सकाळी, एंजिन गार असतानाच पाहा. घाईपेक्षा अर्धा तास थांबणे स्वस्त पडते.