परत वर्गात येणारी मुलं



अध्यक्षाने भाषणात सगळ्याच विषयांना थोडा थोडा हात लावायचा प्रघात आहे. तो मोडून मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. विमान आणि अवकाश संशोधनाकडे वळणाऱ्या मुलांनी एक सत्र कॉलेजात काढावं, एक प्रयोगशाळेत आणि मग पुन्हा कॉलेजात यावं. यातलं 'मग पुन्हा' मला सर्वांत मोलाचं वाटतं.

विंड टनेलमधलं एक काम सांगतो. पंखाच्या मॉडेलवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात. प्रत्येक छिद्रामागे पोलादाची बारीक नळी, तिला जोडलेली प्लास्टिकची नळी आणि शेवटी दाब मोजणारं यंत्र. अशा शंभर-दीडशे नळ्या. चाचणीआधी एकेका नळीत दाब भरायचा, टोक बंद करायचं आणि दाब टिकतो का ते बघत बसायचं. काम कंटाळवाणं, म्हणून ते शिकाऊ मुलांच्या वाट्याला येतं. पण गळकी नळी आकडा द्यायची थांबत नाही. ती आकडा देते, आणि तो दिसायला बराही असतो. फक्त बाहेरच्या हवेच्या दाबाकडे थोडा झुकलेला. आलेख छान गुळगुळीत येतो आणि चुकीचा असतो.

आमच्या प्रयोगशाळेत तिसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. अशी एक नळी शोधण्यात तिची अख्खी संध्याकाळ गेली. जोडाजवळ, बोटाला लागेल न लागेल एवढी चीर होती. पुढच्या सत्रात ती कॉलेजात परतली. सरांनी फळ्यावर पंखावरच्या दाबाचा आलेख काढला, तर हिने विचारलं, "सर, हा मोजलेला आहे की गणितानं काढलेला?" तिच्या सरांनीच मला हे सांगितलं. त्या दिवशीचा तास त्या एका प्रश्नावर गेला, म्हणाले. पदवी घेऊन कायमची बाहेर पडलेली मुलगी हा प्रश्न कुणाला विचारणार होती?

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 1906 साली 27 विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू केली. मुलांच्या जोड्या लावल्या. एक वर्गात असताना दुसरा कारखान्यात, आणि आठवड्याने अदलाबदल. यंत्रावरची जागा रिकामी राहत नसे आणि वर्गातला बाकही.

विमानसंशोधनात या पद्धतीचं काय फळ मिळालं, ते ग्लिन लनी यांच्याकडे पाहून कळतं. डेट्रॉइट विद्यापीठात शिकत असतानाच ते क्लीव्हलँडच्या लुइस प्रयोगशाळेत अशाच योजनेतून काम करत. 1958 मध्ये ते पदवीधर झाले, त्याच वर्षी नासाचा जन्म झाला. पुढे त्यांनी बी-57 विमानातून छोटी रॉकेटं सोडून उष्णतेची मोजमापं घेणाऱ्या गटात काम केलं. एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 च्या ऑक्सिजन टाकीचा स्फोट झाल्यावर साधारण तासाभराने पाळी बदलली आणि नियंत्रण कक्षाची सूत्रं लनींच्या हाती आली. मुख्य यानातली वीज संपत चालली होती. ती पुरती जायच्या आत चांद्रयान जागं करून तिघा अंतराळवीरांना त्यात हलवण्याचं काम त्यांच्या पाळीने केलं. वय 33. तो संयम एकट्या शिकाऊ दिवसांतून आला असं मी म्हणणार नाही. पण यंत्रावरचा आकडा खरा की यंत्रच बिघडलं, हा त्या रात्रीचा पहिला प्रश्न होता, आणि असा प्रश्न विचारायची सवय प्रयोगशाळेतच लागते.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. बिट्स पिलानीची प्रॅक्टिस स्कूल ही अशीच योजना 1973 पासून चालते. आता त्यांच्या गोव्याच्या मुलांनाही ती आहे. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी जेमतेम किलोभराचा 'स्वयम्' उपग्रह बांधला आणि 2016 मध्ये तो पीएसएलव्हीवरून गेला. तुकड्यांमागून तुकड्या बदलल्या, पण काम हातून हातात जात राहिलं.

मी स्वतः पुणे विद्यापीठाच्या सँडविच अभ्यासक्रमाचा. माझं पहिलं प्रशिक्षण एका कारखान्यात झालं, म्हणजे सही करून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसणं झालं. कुणाला वेळ नव्हता. सहा महिन्यांनी सुंदर प्रमाणपत्र मिळालं. आजही सुट्टीतल्या सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये हेच चालतं. गेटपास मिळेपर्यंत दुसरा आठवडा उजाडतो, ग्रंथालयात बसवतात, आणि मूल कामाला हात लावायच्या आत अहवाल लिहायला लागतं. यात मुलांचा काय दोष? संवेदनशील विभागात परक्याला लगेच सोडता येत नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच तेच मूल दुसऱ्या, तिसऱ्या सत्राला परत यायला हवं. तिसऱ्या खेपेला ते परकं राहत नाही.

उद्या सकाळच्या बैठकीत प्रयोगशाळांचे अधिकारी आणि विद्यापीठांची मंडळी एकाच टेबलाशी असतील. माझ्या तीन मागण्या त्यांच्यासमोर ठेवतो. गेटपास एका खेपेचा नको, पदवी होईपर्यंतचा द्या. सत्र बाहेर काढलेल्या मुलाची परीक्षा परतल्यावर घ्या, त्याच्या माथी बॅकलॉग मारू नका. आणि विद्यावेतन एवढं तरी द्या, की गावाकडून आलेल्या मुलीला खोलीचं भाडं आणि मेसचा खर्च भागवता येईल. बैठक साडेनऊला आहे. मी नऊ वाजताच येऊन बसतो.