आईच्या गाडीचं स्टिअरिंग
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘माहिती तंत्रज्ञानातील माझी वाटचाल’ असा विषय दिला होता. खरं सांगायचं तर त्यात चाल फारशी नाही, मी दिवसभर खुर्चीतच बसलेली असते. म्हणून परवानगी न घेता विषय बदलते. मी बोलणार आहे आमच्या आईच्या ऑल्टोच्या स्टिअरिंगविषयी. त्यात आपल्या वर्गातला एक जण आहे आणि आपल्या प्रयोगशाळेतली एक वस्तूही आहे, तेव्हा विषय अगदीच परका नाही.

२००५ साली बाबांनी मारुती ऑल्टो घेतली. तेव्हा एलएक्स घेतली तर एसी मिळायचा, पण पॉवर स्टिअरिंग हवं असेल तर आणखी पैसे मोजून एलएक्सआय घ्यावी लागायची. बाबा म्हणाले, “आपल्याला काय ट्रक हाकायचाय?” एलएक्स आली. आई त्याच गाडीवर शिकली, वयाच्या ५१ व्या वर्षी. शिकवायला बाबाच होते, त्यामुळे ते सहा महिने घरात कोणी कोणाशी नीट बोलत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी बाबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू अधू झाली, बोलणं तुटक झालं. तेव्हापासून आई आठवड्यातून दोनदा त्यांना सिडकोतून समर्थनगरला फिजिओथेरपीसाठी नेते. मी पुण्याहून महिन्यातून एकदा येते. गेल्या वर्षी अशीच आले असताना मागच्या सीटवर बसून त्यांच्याबरोबर गेले. दवाखान्याची गल्ली आली आणि आई ती ओलांडून सरळ पुढे गेली. मी म्हटलं, “अगं, गल्ली मागे राहिली.” ती म्हणाली, “असू दे, तिकडून बरं पडतं.” निराला बाजाराकडून भला मोठा वळसा घालून आम्ही उलट्या बाजूने गल्लीत आलो. येतानाही तसंच. तिसऱ्या खेपेला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा सगळा रस्ता तिने असा आखला होता की गाडी जागच्या जागी वळवावीच लागू नये.

रात्री तिच्या खोलीत बामचा वास आला. खांदा आखडला होता, सहा महिन्यांपासून. कोणाला बोलली नव्हती, कारण बोललं की गाडी बंद होणार हे तिला ठाऊक होतं.

भावाने परदेशातून लगेच फोन केला, “नवीन ऑटोमॅटिक घ्या, पैसे मी देतो.” उपाय सोपा होता. पण बाबा या गाडीतून स्वतः उतरतात. दाराची चौकट डाव्या हाताने धरायची, पाय आधी बाहेर टाकायचा, मग उठायचं, हे त्यांनी चार वर्षांत कमावलं आहे. दिवसभरात दुसऱ्याच्या हाताशिवाय होणाऱ्या त्यांच्या गोष्टी मोजल्या तर एका हाताची बोटंही पुरतात, आणि त्यांतली ही एक. आई म्हणाली, “दुसरी गाडी उंच असेल, दार वेगळं असेल. ते पुन्हा शिकायला लावू नकोस त्यांना.”

मग मी जुन्या गाडीला पॉवर स्टिअरिंग बसवायचं ठरवलं आणि आपल्या वर्गमित्राच्या गॅरेजमध्ये गेले. ‘नाव घेतलंस तर उठून जाईन’ अशी त्याने आत्ताच धमकी दिली आहे, म्हणून इतकंच सांगते की तो ‘ब’ तुकडीत शेवटच्या बाकावर बसायचा आणि दहावीनंतर आयटीआयला गेला. मी त्याला तासभर वाचून आलेलं सगळं ऐकवलं. १९२६ मध्ये अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिसने पियर्स-ॲरो गाडीवर तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टिअरिंग करून दाखवलं. ते विकत मिळणाऱ्या मोटारीत यायला १९५१ साल उजाडलं, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. त्या पद्धतीत इंजिनला सतत पंप ओढावा लागतो आणि छोट्या इंजिनाला ते जड जातं. म्हणून १९८८ मध्ये जपानात सुझुकीच्या सर्व्हो या चिमुकल्या गाडीत विजेच्या मोटरचं स्टिअरिंग आलं, जे गरजेपुरतीच वीज घेतं. त्याने सगळं शांतपणे ऐकलं, पायाने टायर दाबला आणि विचारलं, “हवा कधी भरली होती?”

चाकांत हवा आठ पौंड कमी होती. शिवाय बाबांनी कधीतरी १४५ च्या जागी १५५ चे टायर घातले होते, दिसायला भारदस्त म्हणून. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की टायरचा जमिनीला टेकलेला भाग तिथल्या तिथे घासत फिरतो. भाग जितका मोठा तितका जोर जास्त. चाक पुढे सरकत असलं की हे घासणं कमी होतं, म्हणून रस्त्यावर तीच गाडी हलकी वाटते. रॅकचं रबरी बूट फाटून आतलं ग्रीस वाळलं होतं. शॉकॲब्झॉर्बरच्या वरचं बेअरिंग करकरत होतं. “आधी हे करू,” तो म्हणाला, “मग तुझं जपान बघू.”

आता किती फरक पडला हे मोजायचं कसं? आपल्या विज्ञानाच्या सरांना फोन केला. सरांनी प्रयोगशाळेतून दहा किलोचा तानकाटा काढून दिला, रजिस्टरवर सही घेऊन. तो स्टिअरिंगच्या कडेला अडकवायचा, गाडी उभी ठेवायची आणि चाकं हलेपर्यंत ओढायचं. आधी साडेनऊ किलो. टायर, ग्रीस, बेअरिंग झाल्यावर साडेसहा. काहीही नवीन न बसवता तिसरा हिस्सा ओझं उतरलं होतं! आईने फिरवून पाहिलं. “पुष्कळ बरं आहे,” म्हणाली, पण डाव्या हाताने उजवा दंड धरूनच म्हणाली.

तेव्हा कुठे तो पॉवर स्टिअरिंगकडे वळला. त्याची पहिली अट, कॉलम याच मॉडेलच्या एलएक्सआयचाच हवा, नटबोल्टवर बसला पाहिजे. दुसऱ्या गाडीचा आणून दांडा कापून जोडणार नाही. “स्टिअरिंगला वेल्डिंग मी करत नाही. कोणी करून देत असेल तर त्याच्याकडे जा.” भंगारातून आलेले दोन कॉलम त्याने परत पाठवले. एक तर मला नवा कोरा वाटत होता. पण तो धडकलेल्या गाडीचा होता. अपघातात चालकाच्या छातीत घुसू नये म्हणून कॉलम दाबला जाईल असाच बनवलेला असतो, आणि एकदा दाबला गेलेला पुन्हा वापरायचा नसतो. तिसरा मिळाला तो तळ गंजल्यामुळे मोडीत निघालेल्या गाडीचा. त्याला जोडून मोटर, तिचा छोटा कंप्युटर आणि वायरिंग.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण उद्या कोणीतरी विचारेलच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. आरसीवर स्टिअरिंगचा रकाना नाही, पण म्हणून गप्प बसायचं नाही. मी आरटीओला आणि विमा कंपनीला आधी लेखी कळवलं. एमएच २० ची ती गाडी, २०२० मध्ये पुन्हा नोंदणी झालेली. पाच वर्षांनी परत तपासणीला उभी करायची होतीच.

आता माझी फजिती. बसवलं, स्टार्टर मारला, स्टिअरिंग बोटाने फिरलं. मी टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटांनी दिवा लागला आणि मदत बंद. या यंत्रात दांड्याच्या मध्ये एक बारीक सळई असते. आपण फिरवलं की तिला पीळ पडतो, सेन्सर तो पीळ मोजतो आणि कंप्युटर तेवढा जोर मोटरला लावायला सांगतो. मात्र गाडीचा वेग वाढला की मदत कमी करायची असते, म्हणून कंप्युटरला वेग कळावा लागतो. आमच्या वायरिंगमध्ये वेगाची ती तार या जोडापर्यंत आलेलीच नव्हती. तिच्यासाठी अर्धा डॅशबोर्ड उघडावा लागणार होता. मी म्हटलं, थांब, हे माझं क्षेत्र. रात्री बसून दोनशे रुपयांची डबी बनवली. ती कंप्युटरला सतत सांगत राहायची, वेग ताशी २०, वेग ताशी २०. सकाळी लावली. दिवा गेला, स्टिअरिंग लोण्यासारखं.

त्याने डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. “काकू बीड बायपासला ८० ने जात असतील तेव्हाही ही २० च सांगणार ना?”

मी गप्प. वेगात स्टिअरिंग इतकं हलकं राहिलं तर नुसत्या शिंकेने गाडी दुसऱ्या लेनमध्ये जाईल. बावीस-तेवीस वर्षं मी इतरांच्या प्रोग्रॅममधली हीच चूक शोधून पगार घेते. चाचणी पास व्हावी म्हणून घातलेलं खोटं उत्तर! आणि स्वतःच्या आईच्या गाडीत मीच ते घालत होते. त्याने अर्धा डॅशबोर्ड उघडला. दीड दिवस लागला. खरी तार खऱ्या ठिकाणाहून आणली आणि बॅटरीपासून मोटरपर्यंत जाड वायर वेगळा फ्यूज टाकून नेली. तानकाट्यावर दोन किलो आले.

मला वाटलं झालं. तो म्हणाला, “रविवारी सकाळी काकूंना घेऊन ये.”

चिकलठाणा एमआयडीसीतला रविवारचा रिकामा रस्ता. आई चालवते आहे, शेजारी तो, मागे मी. ताशी वीस-पंचवीसचा वेग असेल. त्याने आधी तिला सांगितलं, “काकू, आता मी हिची मदत काढून घेणार. स्टिअरिंग जड होईल, पण निसटणार नाही. दांडा चाकांना जोडलेलाच आहे. घाबरायचं नाही, दोन्ही हात ठेवायचे, वेग कमी करायचा आणि डावीकडे घ्यायची.” आणि फ्यूज ओढला. गाडी क्षणभर थबकल्यासारखी झाली. बंद मोटरही दांड्याबरोबर फिरवावी लागते, त्यामुळे ते आता साडेसात किलो होतं, दुरुस्तीनंतरच्या साध्या स्टिअरिंगपेक्षाही जड. आईने दात आवळले आणि गाडी कडेला घेतली. “पुन्हा,” तो म्हणाला. असं सहा वेळा केलं. चौथ्या वेळेपासून त्याने आधी सांगणंही बंद केलं. सहाव्यांदा आई त्याला म्हणाली, “अरे, आता लावून दे तो फ्यूज, मला घरी कुकर लावायचाय.” मगच त्याने गाडी सोडली.

पुढच्या मंगळवारी मी मुद्दाम थांबले. आईने गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली, आरशात पाहिलं आणि रिव्हर्स टाकला. एक रिक्षावाला मागे हॉर्न वाजवत होता, त्याला हाताने ‘थांब’ म्हणाली आणि दवाखान्याच्या पायरीला लावून उभी केली. बाबांनी दार उघडलं, चौकट धरली, उतरले. मग वळून आत पाहत म्हणाले, “ट्रक... नाही.” आई इतकी हसली की तिला खाली उतरायला दोन मिनिटं लागली.

सर, तुमचा तानकाटा मी पिशवीतून आणला आहे. रजिस्टरवर अजून माझं नाव बाकी आहे, तेवढं आज खोडून टाका. आणि शेवटच्या बाकावरच्या महाशयांनी अजून बिल दिलेलं नाही. ते इथेच बसलेत, जेवणाच्या वेळी मी त्यांना गाठणार आहे.