गाडीला धक्का

माळव्यातील रात्री रम्य म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु जुन्या मोटारीच्या मालकाला नाताळच्या सुमारास तेथे उजाडणारी सकाळ तितकीशी रम्य वाटत नाही. धारला किंवा देवासला रात्रभर अंगणात उभी राहिलेली गाडी सकाळी किल्ली फिरवताच नुसती 'कट्' असा आवाज करते आणि गप्प बसते. बॅटरी उतरलेली असते. मग समोरचा चहावाला, दूध घालून परतणारा सायकलस्वार, दोन कॉलेजचे विद्यार्थी असे चौघेजण बोलावल्यावाचून गोळा होतात आणि पुढचा संवाद मराठी, हिंदी व माळवी या तिन्ही भाषांत एकदमच सुरू होतो. "धक्का मारो!" हे मात्र सर्वांना सारखेच समजते.

हा धक्का नेमके काय करतो? पुष्कळांची समजूत अशी की, गाडी पळू लागली म्हणजे बॅटरीत जीव येतो आणि मग इंजिन चालू होते. वस्तुतः क्रम उलटा आहे. एरवी बॅटरीच्या जोरावर 'सेल्फ' ही छोटी मोटर इंजिनाला पहिले फेरे देते. दट्ट्या खालीवर होतो, पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दाबले जाते, ठिणगी पडते, आणि तेथून पुढे इंजिन स्वतःच्या बळावर फिरते. सेल्फ थकली की हे पहिले फेरे चाकांकडून घ्यावयाचे, एवढीच धक्क्यामागील युक्ती. नेहमी इंजिन चाकांना फिरवते. येथे क्षणभर चाके इंजिनाला फिरवतात.

म्हणून किल्ली चालू ठेवावी, क्लच पूर्ण दाबून दुसरा गिअर टाकावा, हँडब्रेक सोडावा आणि ढकलणाऱ्यांना गाडी धावत्या माणसाच्या वेगाला आणू द्यावी. मग क्लच झटकन सोडावा. इंजिनाने हुंकार दिला की लगेच पुन्हा दाबावा. पहिला गिअर का नको, असे वर्गातील मुले हटकून विचारतात. साधारण लहान गाडीत पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे बारा-चौदा फेरे होतात, दुसऱ्यात सातआठ. पहिल्यात इंजिनाचा विरोध इतका मोठा होतो की, गाडी हिसका देऊन जागीच थबकते आणि मागचे लोक तिच्यावर आपटतात. दुसऱ्या गिअरात ताशी आठ किलोमीटर वेगाने इंजिनाला मिनिटाला सुमारे सहाशे फेरे मिळतात; सेल्फ देते त्याहून ते अधिकच भरतात.

दोष थंडीलाच देणे मात्र न्यायाचे नाही. थंडीत शिसे-आम्लाच्या बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातील तेल घट्ट होते, हे खरे. पण बॅटरी आतून पोखरतो तो उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत झालेले नुकसान डिसेंबरात उघडकीस येते, इतकेच.

सेल्फ नव्हती तेव्हा इंजिनाच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालून ते हाताने फिरवीत. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत विजेची सेल्फ आली आणि हळूहळू हा ताप सरला. तरी आपल्याकडे जीप व अँबॅसडर यांच्याबरोबर हँडल पुढे कित्येक वर्षे येत असे. बॅटरीशी देवासचे नाते तर वाङ्मयीनही आहे. १९४८ पर्यंत तेथे एकाच गावात थोरली व धाकटी अशा पवारांच्या दोन पात्या नांदत होत्या. थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर तेथे राहिले. भारी किमतीच्या विजेच्या बॅटऱ्या राजवाड्यातील एका खोलीत न बसवता पडून आहेत आणि वाया जाण्याच्या बेतात आहेत, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. धारचा राजा भोज याने 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रांवर एक अध्यायच लिहिला. पण यंत्रांच्या घडणीचा तपशील मुद्दाम गुप्त ठेवला. आमचे काही ड्रायव्हर क्लच सोडण्याच्या नेमक्या क्षणाविषयी असेच मौन पाळतात!

आता धोक्यांविषयी, कारण खरी काळजी येथे आहे. इंजिन बंद असता बहुतेक गाड्यांत ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत नसते. दोनतीनदा पाय दाबला की पेडल दगडासारखे होते. सुकाणूही जड लागते, आणि किल्ली बाहेर काढल्यास त्याला कुलूप पडते. सपाट गल्लीत हे निभावते. पण माळव्याचे पठार उतरून नर्मदेच्या खोऱ्यात जाणारा आग्रा-मुंबई रस्त्यावरील घाट धार जिल्ह्यातच आहे, आणि मांडूच्या रस्त्यावरही उतार व वळणे आहेत. "उतार आहे, आपोआप चालू होईल," असे म्हणून तेथे गाडी सोडणे हा शुद्ध वेडेपणा होय. इंजिन चालू झाले नाही तर खाली थांबवणार कोण? गाडीपुढे उभे राहून दोरीने ओढणेही तितकेच वाईट. ती अकस्मात सुरू होते आणि ओढणाऱ्याच्याच अंगावर येते. सहलीच्या बसला मुलांकडून धक्का मारवून घेण्याची रीत मी अनेकदा पाहिली आहे. मुलांना त्यात मोठी मौज वाटते. तरीही शिक्षकाने तेथे ठाम नकार द्यावा, मग ड्रायव्हर कितीही रागावो. मागे लोटणारा मुलगा पाय घसरून पडला, आणि बस मागे सरली, तर शाळेने त्याच्या आईला काय सांगावे?

ही विद्या आता मावळतीला लागली आहे. ऑटोमॅटिक गाडीत चाके व इंजिन यांची अशी थेट गाठ बांधता येत नाही. तेथे धक्का व्यर्थ. नव्या गाड्यांत पेट्रोलचा पंप व इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक मेंदू यांनाच वीज लागते; बॅटरी पार मेली असेल तर कितीही ढकला. जुन्या डायनॅमोच्या गाड्या याबाबतीत अधिक सोशीक होत्या. शिवाय पुनःपुन्हा प्रयत्न केल्यास न जळलेले पेट्रोल धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो बिघडतो. त्यापेक्षा शेजारच्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडणे सोयीचे. धार जिल्ह्यात पिथमपूरला २०२१ साली मोटारींच्या चाचणीसाठी सव्वाअकरा किलोमीटरची वेगवान धावपट्टी खुली झाली; तेथून चाळीसएक किलोमीटरवर धारच्या गल्लीत मात्र एखादी जुनी जीप अजून चार खांद्यांवर विसंबून असते.

आणखी एक. इंजिन चालू झाल्यावर ते लगेच बंद करू नये. जागीच गुरगुरत ठेवण्याने बॅटरी फारशी भरत नाही. देवासहून इंदूरपर्यंत गाडी न्यावी, तेव्हा पुढच्या खेपेपुरती वीज साठते, आणि इंदुरातच बॅटरी तपासून घ्यावी. त्यामुळे ड्रायव्हरची मोठी अडचण होते: ज्यांनी लोटले त्यांचे आभार मानण्यासाठी त्याला थांबता येत नाही. तो खिडकीतून हात बाहेर काढून हलवतो. तोवर चहावाला आपल्या स्टोव्हकडे वळलेला असतो, आणि सायकलस्वार रिकाम्या किटल्या वाजवीत पुढच्या गल्लीत गेलेला असतो.